कड्याला पाठ नसते

१

शनिवारी आमची शाळा साडेअकराला सुटते. बाराची गाडी धरून मी निपाणीहून बेळगावला येतो आणि दोनच्या आत शहापुरात जोतिबाच्या दुकानात पोचतो. आजारपण आणि लग्नकार्यं सोडली, तर गेली पंधरा वर्षं हा क्रम चुकलेला नव्हता.

जोतिबा लग्नपत्रिका छापतो. मागवाल्यांच्या एका अरुंद गल्लीत त्याचं घर. पुढं दुकान, मधे छपाईचं मशीन, मागं कागद ठेवायची खोली, आणि वर माडीवर तो आणि रचनावहिनी राहतात. दोन्ही बाजूंच्या घरांत साड्यांचे यंत्रमाग चालू असतात, त्यामुळं त्याच्याकडं बोलायचं म्हणजे आवाज चढवूनच. मी कविताही आवाज चढवूनच वाचायचो. तो शाईचे हात चिंधीला पुसत ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "लई भारी." काय भारी, ते मी कधी विचारलं नाही.

मी परशराम. हायस्कुलात मराठी शिकवतो. माझे दोन संग्रह जोतिबानंच छापून दिले. तो स्वतः पत्रिकांवर टाकायला चार यमकं जुळवायचा, पण मी त्याला कवी समजत नव्हतो आणि तोही स्वतःला समजत नव्हता. आमची मैत्री त्यावरच उभी होती, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या दसऱ्याच्या सुटीत आम्ही दोघं चार दिवस समुद्रावर गेलो. वेंगुर्ल्याच्या पुढं एक उंच कडा आहे, तिथं एका मासेमारानं दोन खोल्या भाड्यानं द्यायला बांधल्यात. तिसरा संग्रह समुद्रावर करायचा, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. पहिल्याच दिवशी जोतिबाला ताप भरला. चारही दिवस तो पांघरूण घेऊन खोलीत पडून होता. त्याच्या खिडकीतून मागचं काजूचं रान दिसायचं, समुद्र नाही.

मी रोज चार वाजता एकटाच कड्यावर जाऊन बसायचो, दिवस बुडेपर्यंत. काळा कातळ, खाली चिंचोळी घळ. लाट घळीत शिरली की आतून कुणीतरी जड दार लावल्यासारखा आवाज यायचा. मी वहीत लिहीत होतो. घरी येऊन वही उघडली तर 'अथांग', 'अनादि', 'गूढ' असले शब्द होते. सगळे दुसऱ्यांच्या पुस्तकांत आधीच वाचलेले. चार दिवसांतून एक कविता निघाली नाही.

२

डिसेंबरातल्या एका शनिवारी जोतिबानं माझ्या हातात एक कागद दिला. पत्रिकेच्या प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं होतं.

"जरा बघ रं परशा. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तपास."

मी वाचलं.

*कड्याला पाठ नसते.*
*कुठूनही बघा,*
*तो तुमच्याकडंच तोंड करून उभा.*
*खालच्या घळीत चार दिवस*
*डाव्या पायाची एक चप्पल*
*वर येते, खाली जाते.*
*पाण्याला ती सोडवत नाही.*
*दगडाला ती होत नाही.*

ती चप्पल मी बघितली होती. निळ्या पट्ट्याची, रबरी, डाव्या पायाची. चारही दिवस ती घळीत वरखाली होत होती. वहीत मी ती लिहिली नव्हती, कारण चप्पल ही काय कवितेत घ्यायची वस्तू आहे, असं मला वाटलं होतं. आणि कुणाला सांगितलीही नव्हती.

"ही चप्पल तुला कुणी सांगितली?"

"तूच की," जोतिबा म्हणाला. मशीनच्या आवाजात त्याला ते ओरडून म्हणावं लागलं.

मी म्हटलं, सांगितली असेन. तापात पडलेल्या माणसाजवळ बसून माणूस काहीबाही बोलतो. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. कविता कशी आहे ते मात्र बोललो नाही. तो चिंधीला हात पुसत वाट बघत उभा होता. मला नुसतं 'लई भारी' म्हणायचं होतं. तेवढंही माझ्या तोंडातून निघालं नाही.

३

त्यानंतर दर शनिवारी दोन-तीन कविता. सगळ्या त्याच कड्याच्या. ओहोटीला कातळावर उरणारी पाण्याची डबकी, त्यांत अडकलेलं आभाळ, खेकड्यांनी टाकून दिलेली कवचं. मी जिथं बसलो होतो तिथून जे दिसतं तेच, आणि जे मी बघूनही सोडून दिलं होतं नेमकं ते.

जानेवारीत सांबऱ्याच्या संमेलनात कविसंमेलनाला आम्ही दोघंही होतो. माझ्या कवितेनंतर टाळ्या झाल्या, रीतीला धरून झाल्या. जोतिबा उठला, चष्मा विसरला म्हणून कागद लांब धरून वाचला, आणि मंडपात पोरांच्या रडण्याचा आवाजसुद्धा थांबला. माझ्या शेजारची एक म्हातारी बाई, जिनं जन्मात समुद्र बघितला नसेल, ती पदर तोंडाला लावून बसली होती.

मी चहाच्या टेबलाशी दोघांतिघांना सांगितलं, "कडा बघितलेलाच न्हाय त्यानं. चार दिवस झोपून हुता." लोक म्हणाले, "म्हणजे कल्पनाशक्ती केवढी बघा!" त्या रात्री मला अन्न गेलं नाही.

पुढं मराठी भाषा दिनाला निपाणीत आमच्या साहित्य मंडळाचा कार्यक्रम झाला. माझी मुलगी आरोही, नववीतली, तिनं कविता म्हटली. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसलो होतो, माझीच म्हणणार असं धरून. तिनं सुरू केलं, "कड्याला पाठ नसते."

घरी येताना ती गाडीवर मागून म्हणाली, "पप्पा, तुमची पण पाठ होती मला. पण म्हणताना ती कुठं संपते ते कळत न्हाई."

४

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी शहापुरात पोचलो तेव्हा जोतिबा कागद आणायला गेला होता. रचनावहिनी गल्ल्यावर होत्या. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आज तरी पिऊन जावा भावजी. काल तसाच ठिवून गेलासा."

काल शुक्रवार. काल मी निपाणीत होतो. दुपारी आठवीचा तास घेतला होता.

मला वाटलं, ह्या दुसऱ्या कुणाशी तरी गल्लत करतायत. आणि लगेच दुसरं वाटलं. दुसरा कुणीतरी येतो! जोतिबाला कविता देणारा कुणीतरी आहे! इतक्या दिवसांनी माझ्या छातीवरचा दगड हलला. मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

"काल किती वाजता आलतो मी, वहिनी?"

"चारला. रोजच्यागत." त्या हसल्या. "म्या ह्यांना इचारलं बी, भावजींची बदली झाली का काय बेळगावात? नुसत्या शनिवारी यायचे, आता रोज यायलाग्यात म्हणून."

"रोज?"

"मग काय! येतासा, सरळ कागदाच्या खोलीत जाऊन बसतासा. आणि भावजी, राग मानू नका, शर्ट जरा वाळवून घालत जावा. ओलाच असतोय अंगात. बाधंल."

बाहेर उन्हानं गल्लीतलं डांबर मऊ झालं होतं. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या. माझं तोंड पंधरा वर्षं ओळखणारी बाई. गल्लतीला जागाच नव्हती.

जोतिबा आला. मी त्याला मशीनच्या पलीकडं गाठलं आणि म्हटलं, "मी रोज येतो म्हणं तुझ्याकडं."

त्यानं मशीनमध्ये कागद सरळ केला. बराच वेळ सरळच करत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "शनिवारी तू जरा कमी बोलतोस. बाकीच्या दिवशी बरा बोलतोस."

५

सोमवारी मी ऑफिसात जाऊन हजेरीचा तक्ता काढून घेतला. आमच्याकडं अंगठा लावायचं मशीन आहे. जानेवारी, फेब्रुवारी, शनिवार-रविवार सोडून रोज: सकाळी नऊ पन्नास, संध्याकाळी पाच दहा. निपाणीहून शहापूर दीड-दोन तास. चार वाजता तिथं बसलेला माणूस पाच दहाला इथं अंगठा लावू शकत नाही. तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवला आणि दिवसातून चारदा काढून बघू लागलो.

भीती वाटायला हवी होती. वाटली, पण ती मागून आली. पहिल्यांदा जे आलं ते वेगळंच होतं, आणि ते इथं लिहायची लाज वाटते. मला वाटलं, तो त्याच्याकडं का जातो? कड्यावर मी बसलो. ऊन मी खाल्लं, मांड्या माझ्या सोलवटल्या. मग तिथलं जे काही सांगायचं असेल ते माझ्या घरी येऊन, माझ्या टेबलाशी बसून सांगायला नको का? पत्रिका छापणाऱ्याला कशाला?

बुधवारी मी किरकोळ रजा टाकली. घरी सांगितलं नाही. बायको सदलग्याच्या दवाखान्यात नर्स आहे, ती सकाळी लवकर जाते आणि सातला परत येते. मी अडीचच्या आत बेळगावात उतरलो आणि चारपर्यंत शहापुरातल्या एका देवळाच्या कट्ट्यावर बसून राहिलो.

६

चारला पाच कमी असताना गल्लीत शिरलो. माग धडधडत होते. दुकानात कुणी नव्हतं, वहिनी माडीवर असाव्यात. मशीन बंद होतं. मी काउंटरच्या फळीखालून वाकून आत गेलो आणि मशीनच्या पलीकडं, कागदाच्या रिमा रचल्यात तिथं, भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर कागदाच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं.

आणि करंट गेला.

आधी शेजारचा माग थांबला, मग त्याच्या पलीकडचा, मग सगळी गल्ली. पंधरा वर्षांत मी ते घर असं गप्प कधी ऐकलं नव्हतं. गप्प झालं तेव्हा कळलं, आत कुणीतरी बोलत होतं. आधीपासूनच बोलत होतं.

आवाज माझा होता.

मी स्वतःशी म्हटलं, जोतिबानं मोबाईलवर माझं वाचन भरून ठेवलंय, तेच लावलंय. तो भरायचा कधी कधी. पण हे वाचन नव्हतं. हे सावकाश चाललं होतं, मधे थांबत, समोरच्याचा हात लिहून पुरा होईपर्यंत.

"पाणी येताना दिसत न्हाय," आवाज म्हणत होता. "गेल्यावर दिसतं. दगड ओला दिसला की कळतं, येऊन गेलं."

 पेनाची कुरकुर.

"कालवं दगडाला धरून बसल्यात. लाट परत जाणार हाय, हे त्यांना कुणी सांगितलेलं न्हाय."

मी दोन पावलं सरकलो. फटीतून जोतिबा दिसला. मांडीवर पुठ्ठा, मान खाली, भराभर लिहितोय. आणि त्याच्यासमोर लाकडी खुर्चीत पाठमोरा एक माणूस. शर्ट पाठीला चिकटलेला. मानेवरचा तीळ. डोक्यावरचं रुपयाएवढं टक्कल, जे मी फक्त न्हाव्यानं मागून आरसा धरल्यावर बघितलंय. खुर्चीखालची फरशी कोरडी होती.

पळून जायला पाहिजे होतं. माझा हात खिशाकडं गेला आणि मी पेन काढलं.

शेजारी पत्रिकांच्या कापलेल्या कडांचा ढीग होता. त्यातला एक जाड तुकडा घेऊन मी भिंतीवर धरून लिहायला लागलो. पाणी, दगड, कालवं. तो सांगत होता आणि मी लिहीत होतो, अक्षर वेडंवाकडं येत होतं, घामानं पेन निसटत होतं. आयुष्यात इतकं सुख मला झालं नव्हतं. एक तुकडा भरला, दुसरा घेतला.

"चौथ्या दिवशी," आवाज म्हणाला, "त्यो उठला. वही झटकली. खोलीकडं गेला."

जोतिबाचं पेन थांबलं. माझं थांबलं नाही.

"मी थांबलो."

माझ्या पेनाची कुरकुर तेवढी चालू होती. मागाच्या दोऱ्यांचा, तेलाचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा एक, शेवाळाचा.

"जोतिबा," तो म्हणाला. "आणखी कोण लिहून घेतंय?"

खुर्ची करकरली. मान वळायला लागली. कानाची पाळ दिसली, गालाचं हाड दिसलं. पुढचं बघायला मी उभा राहिलो नाही. फळीला डोकं आपटलं, तसाच गल्लीत आलो आणि मुख्य रस्त्यापर्यंत पळत सुटलो. हातातले दोन तुकडे मात्र मी टाकले नव्हते.

७

रविवारी जोतिबाचा फोन आला.

"बुधवारी रिमांच्या मागं तू हुतास न्हवं?"

"व्हय."

"मग त्यो कोण रं?"

"तू इतके महिने त्याच्याफुडं बसलास. तुला ठावं न्हाय?"

तो म्हणाला, "मला वाटलं तूच. म्हणजे... वाटून घेतलं. कविता येत हुत्या परशा. कोण इचारत बसतंय?" मग म्हणाला, "त्या दिवसापास्नं आला न्हाय. मी रोज चारला खोलीत बसतो. एक ओळ न्हाय."

माझ्या मनात आलं ते असं: बरं झालं.

त्या दोन तुकड्यांवरची कविता मी स्वच्छ करून एका मासिकाला पाठवली. मेच्या अंकात ती आली, माझ्या नावानं, पहिल्या पानावर. सोलापूरहून, नांदेडहून पत्रं आली. तिशीपासून ज्या मोठ्या कवींच्या पत्राची वाट बघत होतो त्यांचंही आलं. शहापूरला जाणं मी सोडून दिलं. रचनावहिनींनी दोनदा फोन केला, "हे जेवत न्हाईत धड, तुमी तरी या की." मी येतो म्हटलं आणि गेलो नाही.

सुटीभर मी रोज चार वाजता माझ्या टेबलाशी कागद घेऊन बसत होतो. समोर एक रिकामी खुर्ची ठेवत होतो. कुणी आलं नाही.

८

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आरोहीची शाळा सकाळची, ती अडीचला घरी येते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी साडेपाचला घरी आलो तर ती माझ्या टेबलाशी बसून लिहीत होती. मी मागून वाचलं.

*पाणी दार वाजवत नाही.*
*ते आतच असतं.*
*आपण बाहेरून कडी काढतो.*

 चौदा वर्षांची पोर. आणि त्या तीन ओळी माझ्या सगळ्या छापील पानांपेक्षा चांगल्या होत्या, हे मला वाचता वाचताच कळलं. आधी तेच कळलं.

"कुणी सांगितलं गं हे?"

"तुम्हीच की पप्पा. मघाशी." ती हसली. "मी शुद्धलेखन तेवढं बघायलेय."

त्याच क्षणी तिला उचलून आजोळी नेऊन सोडायला हवं होतं. बायकोला फोन करायला हवा होता. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो आणि विचारलं, "पुढं काय सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी साडेतीनलाच घरी आलो. तिच्याजवळ बसून राहिलो. चार वाजले. सव्वाचार. पंखा फिरत होता. आरोही पेन उघडून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सांगा की."

मी सांगायला लागलो. कडा, कातळ, अथांग पाणी. तिनं दोन शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवलं. वर्गात एखाद्या पोराला काही येत नाही, हे कळूनही आपण त्याला लाजवत नाही, तसं ती माझ्याकडं बघत होती.

"असू दे पप्पा," ती म्हणाली. "उद्या सांगा."

त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "उद्यापासनं मी तिला माझ्याकडं बोलावते सदलग्याला," ती म्हणाली. "शाळेतनं परस्पर गाडीत बसवायचं. चारला घरात कोणीच नको." मी मान हलवली. सकाळी तिनं आरोहीला शाळेतून थेट स्टँडवर जायला बजावलं. मी दारातच होतो.

शाळेत दोनपर्यंत मन लागलं नाही. तीनला मी मुख्याध्यापकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ती गाडीत बसली का एवढं बघून यायचं, असं मी स्वतःला समजावलं. स्टँडवर ती नव्हती. सदलग्याची गाडी सुटून गेली होती. मी चालत घराकडं आलो. पळत नाही, चालत.

घराला आतून कडी होती. अंगणात तुळशीच्या बाजूनं टेबलाची खिडकी दिसते. मी तिथं गेलो. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

आरोही टेबलाशी होती, खिडकीकडं तोंड करून. तिच्यासमोर माझ्या खुर्चीत तो, पाठमोरा. ती लिहीत नव्हती, दोन्ही हातांत हनुवटी धरून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते चौदा वर्षांत माझ्याकडं बघताना कधी आलं नव्हतं.

गजांना धरून मी हाक मारायला तोंड उघडलं.

तिनं वर बघितलं. मला बघितलं, नीट बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं, मग परत माझ्याकडं. ती दचकली नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आतून शब्द अर्धवट ऐकू येत होते. मी गजांना कान लावला आणि गप्प उभा राहिलो.